चिमणीच्या दातांनी

माझ्या आत्तेसासूइतका उष्ट्याला भिणारा माणूस अख्ख्या नवी मुंबईत सापडायचा नाही. तिच्या पर्समध्ये पैशांआधी चमचा असतो, रुमालात गुंडाळलेला. शिरवण्यात एका लग्नाच्या पंगतीत तिने स्वतःची ताटली बाहेर काढली, तेव्हा वाढप्याने विचारलं, "आजी, घरी न्यायचं हाय का?" "नाही रे, घरून आणलंय," ती शांतपणे म्हणाली. बेलापूरहून आमच्याकडे नेरूळला आली, की पाण्याचा पेला हातात घेऊन विचारणार, "उकळलंस, की नुसतं गरम केलंस?" माझ्या लेकीच्या, ओवीच्या पेल्याला तिने लाल लोकरीचा धागा बांधून दिला होता. आम्ही हसलो आणि त्याच पेल्यातून सगळे पाणी प्यायलो.

कारण आमचं घर एका ताटात जेवणारं. माझे सासरे, आमचे बाबा, तर नातीला मांडीवर घेतल्याशिवाय जेवायचेच नाहीत. भाकरीचा कडक पापुद्रा आधी स्वतः चावून मऊ करायचे आणि मग तिला भरवायचे. पेरू असला तर सदऱ्याचं टोक त्यावर धरून कापडावरून तुकडा तोडायचे. आत्या ओरडलीच तर म्हणायचे, "अगं, चिमणीच्या दातांनी तोडलाय! उष्टा कसा होईल?" कापड मध्ये आलं की उष्टं होत नाही, हा आपला पिढीजात कायदा. त्यावर अपील नाही.

मग पाच वर्षांच्या ओवीचं पोट दुखायला लागलं. जेवण सुटलं, पोर काडीसारखी झाली. आम्ही सोसायटीच्या टाकीला बोल लावला, वडापावला लावला, शेवटी दृष्टसुद्धा काढली. माझी तर झोप उडाली होती. आत्या मात्र भावाकडे रोखून बघत म्हणाली, "दादा, तुझे वर्षानुवर्षांचे करपट ढेकर आणि हिचं पोट एकाच ताटातले आहेत. दोघांनाही दाखवा."

डॉक्टरांकडे ती सोबत आलीच. पाणी कुठलं, घरात पित्ताचा त्रास कुणाला, पोरीला भरवतं कोण, या सगळ्याची उत्तरं माझ्याआधी तिनेच दिली. तपासण्या झाल्या. दोघांच्याही जठरात एकच जंतू निघाला. "कुणाकडून कुणाला, हे नक्की सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले, "पण लहान मुलांना बहुतेक वेळा घरातूनच होतो." दोघांना औषधं सुरू झाली आणि आत्याने बाबांना ताट वेगळं करायला सांगितलं. त्या दिवसापासून बाबा ओवीपासून लांब, भिंतीकडे तोंड करून जेवायला लागले. ते बघवेना. आत्यानेच ओवीला उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं. "ताट वेगळं कर म्हटलं होतं, दादा. नात नाही."

ओवी बरी झाली, गालांवर मांस आलं. माझं मूल मला तिने परत दिलं, असंच मी मानते.

परवा आम्ही बेलापूरला गेलो होतो. आत्याचे गुडघे आता तिला फारसं हिंडू देत नाहीत. चमच्याची पर्स खुंटीलाच असते. ओवीने फ्रॉकचं टोक पेरूवर धरलं, तुकडा तोडला आणि तिच्यापुढे केला. "आत्याआजी, चिमणीच्या दातांनी!"

मी ओवीला थांबवणार होते. आत्याने तो तुकडा उलटसुलट करून पाहिला. मग डोळे मिटले, औषध घ्यावं तसा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिली.

"दादा लहानपणी असाच द्यायचा," ती म्हणाली. "गोड आहे गं."