डोंगराखालचं पाणी

दूर उत्तरेकडच्या लोफोटेन बेटांवरच्या त्या गावात गुनवोरच्या चित्रांची गंमतच होती. हिवाळाभर ती कॉड मासा साफ करायची आणि सवड मिळाली की फियोर्डपलीकडचा, म्हणजे समुद्राच्या अरुंद खाडीपलीकडचा डोंगर रंगवायची. डोंगर हुबेहूब, पण पायथ्याशी नेहमी धुकं.

मच्छीमारांच्या सभागृहासाठी तिला मोठं चित्र काढायला सांगितलं, तेव्हा तिचा धाकटा दीर तुर्स्ताइन बघायला आला.

"वहिनी, तुमचा डोंगर आभाळातच लटकतो की! पाणी काय मांजर प्यायलं?"

बोलून गेला आणि जीभ चावली. त्याचा भाऊ, गुनवोरचा नवरा आस्लाक, त्याच पाण्यात बोटीसकट गेला होता. प्रेतही हाती लागलं नव्हतं.

 गुनवोरने सुरी घेतली आणि कॅनव्हासवरचं धुकं खरवडून काढलं.

"मला तिथे ने," ती म्हणाली.

"कुठे?"

"जिथे तो बुडाला, तिथे."

"भर फेब्रुवारीत? डोकं ठिकाणावर आहे का?"

"तू नाही नेलंस तर मी वल्हवत जाईन."

ती जाईलच हे त्याला ठाऊक होतं. नेलं.

बोट थांबली तेव्हा तिने आधी डोळे मिटून घेतले. मग उघडले. इतकी वर्षं तिकडे न बघता ते पाणी काळंकुट्ट असेल असंच तिने गृहीत धरलं होतं. ते हिरवं होतं, लाटेच्या पोटात जांभळं, आणि त्यात अख्खा डोंगर मोडून पुन्हा जुळत होता. ती रडली, मग नाक पुसून कामाला लागली. थंडीने रंग घट्ट झाले, तशा रंगाच्या नळ्या तिने काखेत धरून गरम केल्या. पहिलं पाणी जमलं नाही, दुसरंही नाही. खरवडायचं, पुन्हा जायचं. हातांची बोटं थंडीने फुटली, तुर्स्ताइन कुरकुरला, पण तिची खेप चुकली नाही.

वसंतात चित्र भिंतीवर चढलं. वर टीचभर डोंगर, खाली सगळं पाणी.  सगळ्यांत म्हातारा मच्छीमार पेडर जवळ गेला, डोळे बारीक करून चित्रातल्या लाटा बघत राहिला.

"वायव्येचा वारा सुटलाय," तो म्हणाला. "जाळी आत घ्या रे!"

सगळे हसले. तुर्स्ताइनने डोळे पुसले.

गुनवोरने त्याची बाही ओढली. "उद्या सकाळी येशील ना? डोंगराच्या मागच्या बाजूचं पाणी अजून बघितलं नाही मी."