बॅटरीवाला की माइकवाला

आमच्या गुरुजींनी घरात मीठ मागितलं तरी भिंतीपलीकडच्या काकूंना ऐकू जायचं. मी त्यांची बायको. सगळा गाव त्यांना गुरुजी म्हणायचा, म्हणून लग्नानंतर मीही चिडवायला म्हणून तसंच म्हणायला लागले आणि मग तेच तोंडात बसलं. त्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील. घरात इतकी शांतता आहे की कधीकधी मीच मोठ्यानं बोलून पाहते, आणि मग आपलीच लाज वाटते.

आम्ही दारव्ह्याचे. मी तहसील कचेरीत कारकून, खिडकीवर बसते. दिवसभर लोकांशी तोंड चालवायचं म्हणजे स्वभाव काही गोड राहत नाही. माझा तर मुळातच नव्हता. गुरुजींची शाळा दूर एका बंजारा तांड्यावर, रोज काळीपिवळी जीपनं जायचे. दोन शिक्षकी शाळा, एक हे आणि एक तरुण मॅडम. पोरं घरी गोरबोली बोलणारी, पहिलीत येतात तेव्हा मराठी त्यांना परकीच असते. गुरुजी म्हणायचे, "पोरं पुस्तकातून नाई शिकत, माह्या तोंडातून शिकतात." म्हणून पुस्तकातल्या कवितांना ते चाली लावायचे आणि गिटारवर वाजवून गायचे. गिटार पुसदला डी.एड.च्या होस्टेलात असताना शिकलेले. साधी लाकडी गिटार, ना वायर ना काही. पण त्यांचा आवाजच एवढा की गिटार फक्त ठेक्यापुरती. ती ऐकू येते की नाही, हे कोणी कधी विचारलंही नाही.

आणि त्याच तोंडात खर्रा. सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना, पानठेल्यावर पन्नीत घोटून देतात तो. वीस वर्षं मी त्या पुडीशी भांडले. पुड्या नालीत फेकल्या, अबोला धरला, माहेरी जाऊन बसले. पुडी जिंकली. आधी गालात पांढरा चट्टा, मग जिभेच्या कडेला न भरणारी जखम, मग नागपूर. जीभ अर्धी काढावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा हा माणूस जगण्यामरण्याचं काही बोलला नाही. एवढंच विचारलं, "सर, पोरायले समजन ना मी काय म्हणतो ते?"

डॉक्टर म्हणाले, सराव करावा लागेल.

ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं. आवाज उरला, पण जाड आणि ओला झाला. ट आणि ड तर जिभेबरोबरच गेले. र आणि ळ कधी यायचे, कधी नाही. शाळेतून त्यांनी एक पाटी आणून घेतली आणि जे जमत नव्हतं ते तिच्यावर लिहायला लागले. आठ महिने सुट्टी. त्या आठ महिन्यांत मी एवढी शिकले की मला पाटी लागेनाशी झाली. ओठ हलले की मी वाक्य पुरं करायची. याचा मला अभिमान होता, आता काय सांगू.

एक दिवस त्यांनी पाटीवर लिहिलं, गिटारला ॲम्प घेऊ. ॲम्प म्हणजे तिचा आवाज मोठा करणारा डबा. त्यांनी सगळं ठरवून ठेवलं होतं. शाळेत मॅडम बोलतील, शिकवतील. हे नुसती चाल वाजवतील, पोरं गातील. पण वऱ्हांड्यात पस्तीस-चाळीस पोरांमध्ये नुसती गिटार पहिल्या रांगेपलीकडे जात नाही. आता तिच्या पुढे आवाज नव्हता, तिला एकटीनंच जायचं होतं. खाली त्यांनी लिहिलं होतं, आवाज गेला तर गेला, गिटार आहे.

त्यांनी ते मान्य केलं होतं. मी केलं नव्हतं.

आधी आम्ही शेजारच्या घरून तो चाकाचा, लाल-निळे लाइट लुकलुकणारा स्पीकर आणून पाहिला. लग्नात, बारशात सगळीकडे तोच असतो. गिटारला चिकटवायचा, तारांचा आवाज पकडणारा एक छोटा पिकअप मागवला होता, तो लावून तार जोडली तर नुसता घुमारा. तारेचा आवाज कुठेच नाही, धम-धम तेवढी. मग जेवणाच्या सुट्टीत मी मोबाइलवर व्हिडिओ पाहायला लागले. हिंदीत भरभर बोलणारी पोरं वॅटबद्दल काय काय सांगायची. मला वाटायचं जास्त वॅट म्हणजे चांगलं. शेवटी एका शनिवारी दोघं यवतमाळला गेलो.

दुकान वाद्यांचं. हार्मोनियमचे भाते सोललेले, ढोलांची चामडी, भजन मंडळाचे बेंजो रांगेनं टांगलेले. दुकानदार म्हातारा, घाई नसलेला माणूस. त्यानं आमच्या ऐपतीतले तीन ॲम्प काउंटरवर ठेवले. पहिला त्यानंच बाजूला सारला. म्हणाला, "हा इलेक्ट्रिक गिटारचा. याच्यात लाकडी गिटार टाकली का टिनाच्या डब्यासारखी वाजते. स्वस्त हाय म्हणून लोक नेतात आन् मंग वापस आणतात." राहिले दोन. एक लहान, बॅटरीवर चालणारा, गिटार लावायला एकच जागा. दुसरा थोडा मोठा, गिटारची एक जागा आणि माइकची एक, पण घरच्या विजेच्या लाइनीवरच चालणारा. दोन्ही गोष्टी एकात असलेलाही होता, पण नागपूरचा खर्च झाल्यावर त्याच्याकडे आम्ही पाहायचंसुद्धा नव्हतं.

गुरुजींनी बॅटरीवाला लावून वाजवला. आधी ॲम्पनं शिट्टी मारली. दुकानदारानं त्यांना बाजूला बसवलं, गिटारचं तोंड ॲम्पसमोर नको म्हणाला, आणि खालचा सूर कमी केला. मग एकेक तार सुटी सुटी ऐकू आली. गुरुजींचं तोंड ऑपरेशनपासून एका बाजूला ओढलेलं, पण ते हसले. त्यांनी ॲम्पवर हात ठेवला, हाच, असा.

मी विचारलं, "आन् माइकवाला?"

"माइकवर कोन गाते?" दुकानदार म्हणाला.

"हे गातात."

गुरुजींनी मान हलवली. पिशवीतून पाटी काढून लिहिलं, बॅटरी. शाळेत लाइन नसते.

मी ती पाटी त्यांच्या हातातून घेतली आणि काउंटरवर उलटी ठेवली. हे मी केलं. परक्या माणसासमोर, ज्या माणसाला बोलायला तेवढंच उरलं होतं त्याची पाटी मी उलटी केली. आणि म्हणाले, "तुमी गाणार हाव. मी सांगून राह्यली ना."

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. म्हणाला, "बाई, हे मशीन आवाज मोठा करते. साफ नाई करत. मंग मले बोलू नका."

"द्या तुमी."

गुरुजी भांडले असते तर बरं झालं असतं. ते भांडले नाहीत. एसटीत तो खोका मांडीवर धरून दारव्ह्यापर्यंत खिडकीबाहेर पाहत बसले.

सोबत घेतलेला माइक पंधरा दिवस खोक्यातच होता. मग एका रविवारी मी बाजारातून आले तर दाराबाहेरच आवाज आला. गुरुजी माइकवर हजेरी घेत होते. पोरांची नावं, पहिल्यापासून. त्यांना हजेरी तोंडपाठ होती, अंघोळ करतानासुद्धा म्हणायचे. मी भाजीची पिशवी घेऊन उभी राहिले. एकेक नाव मला समजत होतं. तांड्यावरची ती लांबलचक नावं, बापाच्या नावासकट. शेवटचं नाव झालं आणि त्यांना माझी चाहूल लागली असावी. माइकमधूनच विचारलं, "समजलं?"

मी आत गेले. म्हणाले, "एक न् एक समजलं जी."

"खरं?"

"तुमची शपथ."

त्यानंतर दहा दिवस घरात हजेरी चालली. मी कचेरीत सगळ्यांना सांगितलं. काकूंना पेढे दिले. गुरुजींनी कधी नाही ती नवी कापडं शिवली. मला वाटलं, बघा, मी जिद्द धरली म्हणून झालं.

ते रुजू झाले त्या दिवशी मी सकाळपासून देवाला एकच मागत होते, शाळेत लाइन राहू दे. आणि लाइन होती. तिच्यावर काही ढकलता येत नाही. पुढचं मला मॅडमनी नंतर फोनवर सांगितलं. गुरुजींनी टेबलावर ॲम्प ठेवला, माइक हातात घेतला, हजेरीपट उघडला. मोठ्या वर्गातली पोरं जुनी, त्यांना नंबर ठाऊक होते, ती आपापल्या नंबरावर हजर म्हणत गेली. मग पहिलीचा वर्ग आला. ही पोरं गुरुजी सुट्टीवर असताना दाखल झालेली. त्यांनी गुरुजींना कधी पाहिलं नव्हतं. गुरुजींनी पहिलं नाव घेतलं. कोणी उठलं नाही. परत घेतलं. पोरं एकमेकांकडे पाहायला लागली. त्यांनी ॲम्पचं बटण वाढवलं आणि परत घेतलं. तेव्हा एका पोरीनं कानावर हात ठेवले आणि दुसरी रडायला लागली. कोणाचं नाव चाललं आहे हेच त्या लेकरांना समजत नव्हतं. गुरुजींनी ॲम्प बंद केला, हजेरीपट मॅडमच्या हातात दिला आणि खुर्चीवर बसले. गिटार पिशवीतून निघालीच नाही.

दुपारच्या काळीपिवळीनं ते घरी आले. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून वाट पाहत होते. पाणी प्याले. मग माझ्याकडे पाहून सावकाश म्हणाले, "तुले तर समजलं होतं."

त्यातलं एकेक अक्षर मला समजलं. आणि त्याच वेळी दुसरंही समजलं. ती नावं मला पाठ होती. वर्षानुवर्षं त्यांच्याच तोंडून ऐकलेली. मी त्या दिवशी दाराबाहेर त्यांचं बोलणं ऐकत नव्हते, त्यांच्यासोबत मनातल्या मनात हजेरी म्हणत होते. नवी नावं घरी कोणाला ठाऊक? मी खोटं बोलले नव्हते. पण माझं खरं त्यांच्या काहीच कामाचं नव्हतं, आणि त्याच्या भरवशावर हा माणूस चाळीस लेकरांपुढे जाऊन उभा राहिला होता. हे मी त्यांना सांगायला पाहिजे होतं. मी चहा ठेवायला गेले.

नंतर मॅडम शिकवायच्या आणि हे शाळेचे कागद करायचे. ॲम्प खाटेखाली गेला, गिटार खुंटीला. मी म्हणायची, "गिटार तरी न्या जी, तुमी तर तेच म्हणत होते." ते मान हलवायचे. आणि एक नवीनच सुरू झालं. माझ्याशी काही बोलले की लगेच तेच पाटीवर लिहून दाखवायचे. मी "समजलं, समजलं" म्हणायची, तरी लिहायचे. भाजी कोणती आणायची तेसुद्धा. मला राग यायचा, मग रडू यायचं. बोलून काही उपयोग नव्हता.

वर्षभरानं होळीच्या सुमारास मानेला गाठ आली. या वेळी नागपूरला डॉक्टर माझ्याशी बाहेर बोलले. आम्ही घरी आलो. उन्हाळ्यात संध्याकाळी ते अंगणात खाट टाकायला लावायचे. एक दिवस पाटीवर लिहिलं, गिटार. आणून दिली. बोटांत जोर नव्हता, तारा जेमतेम हलायच्या, दोन हातांवर बसलेल्या मलाही ऐकू येत नव्हतं. मी धावत ॲम्प आणला तर वायर अंगणापर्यंत पुरेना, आणि लाइन तर दुपारपासून गेलेलीच होती. त्यांनी गिटार खाटेवर ठेवली, पाटी उचलली नाही. काही लिहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि तो ॲम्प घेऊन एकटी यवतमाळला गेले. दुकानदारानं ओळखलं.

"बिघडला का?"

"नाई. माहीच चूक झाली. तो बॅटरीवाला हाय का?"

तो फळीकडे वळला. बॅटरीवाला काढला, बटण लावून पाहिला, आणि आमचा ठेवून घेतला. माइक त्याच्या खोक्यात नव्यासारखाच होता.

त्या संध्याकाळी खाटेशेजारी बाजूला ॲम्प ठेवला, दुकानदारानं सांगितलं होतं तसा, गिटारचं तोंड चुकवून. खालचा सूर कमी केला. गुरुजींनी पोरांच्या एका कवितेची चाल धरली. बोटं फार सावकाश, मध्ये मध्ये थांबत. पण एकेक तार अंगणभर सुटी सुटी येत होती. मी उंबऱ्यावर बसले होते. गा म्हणाले नाही.

ते थांबले. माझ्याकडे वळून म्हणाले, "ऐकू येते?"

"येते जी," मी म्हणाले. "साफ येते."

त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग मोठ्या कष्टानं मान उचलून अंगणाच्या बुटक्या भिंतीपलीकडे पाहिलं. काकू ओट्यावर तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. गुरुजींनी त्यांच्याकडे पाहून आपल्या कानाला हात लावला आणि विचारल्यासारखा हलवला.

काकूंनी सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, "येऊन राह्यलं गुरुजी. सगळं येऊन राह्यलं."

तेव्हा कुठे त्यांनी मान खाली घातली आणि पुढची ओळ वाजवायला घेतली.