हवेच्या वाटेतली बुरशी

मध्यभारत राज्याच्या दिवसांत इंदूरला आमच्या सरकारी क्वार्टरची देखभाल एका ओव्हरसियरसाहेबांकडे होती. हवा यावी म्हणून भिंतीत ठेवलेल्या पोकळीत नुसती बुरशी माजली होती. साहेब दरवर्षी नाकाला रुमाल लावून ती पाहत आणि म्हणत, "मामुली ओल आहे जी. चुना मारू, बस." त्या सरकारी चुन्यावर बुरशी चांगली पोसली जाई.

तिसऱ्या वर्षी त्यांच्यासमोरच माझ्या मुलीला दम्याची उबळ आली. साहेब तडक निघून गेले.

रविवारी ते एकटेच आले. कोट काढून शिडीवर चढले, पोकळी खरवडली, आत अडकलेल्या विटा काढल्या आणि बुरशी मरावी म्हणून मोरचूद घातलेला चुना स्वतः लावला. खोलीत वारा आला. मी हात जोडले, तसे ते घाबरले.

"कुणाला सांगू नका, भिया. मी काम करतो हे ऑफिसात कळलं, तर बदलीच करतील माझी."