फळा मीच पुसला

पत्रकं लिहिताना मी एक गोष्ट शिकले, मागणी पहिल्या ओळीत लिहायची. म्हणून आधीच सांगून टाकते: आमच्या पोरींच्या सामन्यात मला मैदानाकडेच्या बाकासमोर कोच म्हणून उभं राहायचं होतं. बस्स. तेवढ्यासाठी पेठेत काय काय झालं, ते लिहिते आहे.

कोल्हापुरात फुटबॉल पेठेचा असतो आणि पेठ तालमीची असते. तालमीत आत कुस्तीची माती, बाहेर कट्टा, आणि तालमीच्या नावाची टीम. आमचं घर तालमीच्या समोरच्या बोळात. लहान होते तोवर पोरांबरोबर गल्लीत खेळले, कुणाला काही वाटलं नाही. अंगानं वाढले तशी गल्लीनं मला बाजूला केलं. मग शाळेकडून खेळले, कॉलेजकडून, जिल्ह्याकडून, विद्यापीठाकडून. जागा स्टॉपरची, म्हणजे गोलच्या पुढ्यात शेवटचा बचाव. बाहेरगावी जिंकून आले की कट्ट्यावरची पोरं मला ‘भिंत’ म्हणायची. एरवी मी कुणाची तरी पोरगी होते.

गडहिंग्लजला एका सामन्यात गुडघा फिरला. लिगामेंट गेलं. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, “चालाल, जिने चढाल, संसार कराल. खेळ मात्र विसरा.”

आई मलकापूरकडची. ती डॉक्टरांच्या तोंडावरच म्हणाली, “संसाराचं इचारलं कुणी तुमास्नी?”

कुबड्या घेऊन कॉलेजात जायचे तेव्हा विद्यार्थी संघटनेच्या खोलीत बसायला लागले, कारण ती तळमजल्यावर होती. तिथं पत्रकं लिहिली. मुलींच्या होस्टेलचं पाणी, संध्याकाळची एसटी, असले विषय. गुडघा जरा वाकायला लागल्यावर कोचिंगचा कोर्स केला, परीक्षा दिली, लायसन्स घेतलं. आणि शाळेमागच्या मैदानावर पहाटे पेठेतल्या पोरींना खेळवायला लागले. घरोघरी जाऊन आणलेल्या पोरी. एकीचा बाप म्हणाला होता, “हाफ पँट सोडून काय बी घालू दे.” सहा महिन्यांनी तोच तिच्या स्टॉकिंग्ज वाळत घालत होता.

यंदा शहराच्या फुटबॉल स्पर्धेत पहिल्यांदाच मुलींचे सामने ठेवले, पेठांचे आणि बाहेरगावच्या टीमचेही. तालमीच्या अध्यक्षांनी बोलावलं. आमच्या तालमीत बायका आत जात नाहीत, म्हणून मी कट्ट्यावर उभी आणि ते उंबऱ्याच्या आत खुर्चीत. शेजारी आमचे वस्ताद. पुरुषांच्या टीमला त्यांनी आयुष्यभर खेळवलं, आता गुडघे धरून बसतात.

“पोरी खेळू देत,” अध्यक्ष म्हणाले. “पेठेचं नाव लावू देत. फकस्त बाकावर कोच म्हणून आपला जुना गोलकीपर बसंल. तू मॅनेजर.”

“मॅनेजरनं काय करायचं, काका?”

“पाणी बघायचं, पट्ट्या बघायच्या. पोरींचं काय असतंय ते बघायचं.”

“आणि गोलकीपर काय बघणार?”

“खेळ की.”

“पोरींचा सराव एक दिवस तरी बघितलाय का त्यानं?”

“अगं, गॅलरी कसल्या शिव्या घालती म्हाईत हाय न्हवं? तुला ऐकवंल?”

“काका, गडहिंग्लजला स्ट्रेचरवर पडून समद्या ऐकल्यात मी. तवा कुणी माझं कान झाकलं न्हाईत.”

कट्ट्यावर कोणीतरी खुसकन हसलं. अध्यक्ष म्हणाले, “ठरलंय ते ठरलंय.” वस्ताद गुडघे चोळत राहिले.

मला राग आला तो त्या काळजीचा. उघड नको म्हणाले असते तर निदान भांडता आलं असतं. हे लोक माझ्यावर माया करत करत माझी जागा दुसऱ्याला देत होते. मला खेळातलं काय काय येतं हे त्यांना माहीत होतं, आणि तरीही मी पाण्याच्या बाटल्या मोजायच्या.

आता फळ्याचं सांगते. तालमीच्या चौकाकडच्या भिंतीवर काळा फळा आहे. कोण वारलं, पाणी कधी येणार नाही, सामना कधी, सगळं त्यावर खडूनं लिहितात. खडू खालच्या फळकुटावर असतो, कुणीही उचलावा. पण एकदा सामना आणि कोचचं नाव लिहिलं की खेळ होईपर्यंत ते पुसायचं नाही. पुसलं की हरलो. एकदा टँकरचं पाणी उडून अर्धी ओळ गेली आणि आम्ही फायनल घालवली, असं शपथेवर सांगणारी माणसं अजून पेठेत आहेत. आणि हरलो, तर कोचनं चौकात सगळ्यांसमोर येऊन फळा पुसायचा. डस्टर नाही, हाताच्या तळव्यानं. लोक बोलतील ते ऐकत. लहानपणी मी वस्तादांना पुसताना बघितलं होतं. पांढरा हात घेऊन ते घरी गेले, कुणी चहा विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, कट्टा भरलेला असताना, मी खडू उचलला. लिहिलं: रविवार, आपल्या पेठेच्या मुली विरुद्ध गडहिंग्लज. खाली कोच, आणि माझं नाव. मधे, वडिलांच्या नावाच्या जागी, आईचं.

अध्यक्ष चपला घालत बाहेर आले. “हे काय केलंस गं?”

“मागणी लिहिली, काका.”

“पूस.”

“तुम्ही पुसा.”

ते फळ्यापाशी गेले. हात अर्धा वर गेला. कट्ट्यावरून आवाज आला, “अध्यक्ष, बघा हां. पोरी हरल्या तर तुमच्या नावावर.” सगळा कट्टा हसला. अध्यक्षांनी हात खिशात घातला.

वस्ताद पहिल्यांदा बोलले. “ऱ्हाऊ दे. लिवलं ते लिवलं.”

त्यांचं मन बदललं असं मी म्हणणार नाही. मला मन नको होतं, बाक पाहिजे होता.

रविवारी मी बाकासमोर उभी राहिले. जुना गोलकीपर गॅलरीत बसला होता, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात मोठ्यानं तोच आमच्या बाजूनं ओरडत होता. गॅलरीनं आपलं काम केलं. “वहिनी, भाकरी करपली, घरला जावा.” मी पोरींना जागा सांगत राहिले. एक-एक बरोबरी होती, थोडाच वेळ राहिला होता. मी स्टॉपरला पुढं पाठवलं. बरोबरीसाठी आलो नव्हतो. गडहिंग्लजच्या एका पोरीनं रिकाम्या जागेतून चेंडू नेला आणि गोल केला. आम्ही हरलो.

आमची गोलकीपर रडत आली. “ताई, माझ्यामुळं गेली.”

“तुझ्यामुळं न्हाय. तिला वर मी पाठवलं. पुढच्या बारीला बी पाठवणार. चल, पाणी पी.”

पेठेत आलो तेव्हा चौक भरला होता. पुरुषांच्या सामन्याला भरतो तसा. पोरी माझ्या मागं उभ्या राहिल्या, एकही घरी गेली नाही. अध्यक्ष पुढं आले. हातात ओलं फडकं.

“ऱ्हाऊ दे पोरी,” हळू आवाजात म्हणाले. “पोरं पुसतील. तू बाईमाणूस, कशाला लोकांच्या तोंडाला लागतीस?”

पुन्हा तीच माया. मनापासून म्हणत होते, हे कळत होतं. त्यानंच जास्त पेटले.

“काका, बाक माझा हुता, तर हार बी माझीच. तेवढी तरी काढून घेऊ नका.”

मी तळवा फळ्यावर ठेवला. आधी गडहिंग्लज पुसलं, मग पेठ.

“भिंत पडली रं,” मागून कोणीतरी म्हणालं.

“उद्या मैदानावर ये,” मी न वळता म्हणाले. “वलांडून दाव.”

“नाव नीट पुसा, ताई. परत दिसाया नको.”

नाव पुसलं. माझं आणि आईचं. हात मनगटापर्यंत पांढरा झाला. तेवढ्यात कट्ट्यावरून वस्तादांचा आवाज आला, टीमवर ओरडायचे तसाच.

“डाव्या कोपऱ्यात ऱ्हायलंय.”

दयामाया काही नाही. आठवडाभरात माझ्याशी कोचसारखं बोललेलं हे पहिलं वाक्य. मी कोपरा पुसला.

मग त्याच हातानं खडू उचलला आणि लिहिलं: मुलींचा सराव, उद्या पहाटे, शाळेमागं. कोच तीच.

सरावाची ओळ पुसू नये असा काही रिवाज आमच्याकडं नाही. कुणी पुसली तर परत लिहीन. खडू तिथंच असतो.