राखेतले आठ गाकर

या ग्रुपवर मी चार वर्षं आहे आणि आजवर एक शब्द लिहिलेला नाही. वाचते मात्र सगळं. खरं सांगू? हसण्यासाठी वाचते. कुणाला घाटातल्या वळणावर बाई दिसते, कुणाच्या घरातला नळ आपोआप सुरू होतो… अहो, प्लंबरला बोलवा की! मी इंजिनियर आहे, पुण्यात नोकरी करते, आणि असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आता आहे का, ते मलाच सांगता येत नाही. पण जे झालं ते भर दुपारी झालं, आठ जणांच्या देखत झालं, आणि त्यात मी एक वाईट गोष्ट केली. झोप उडवते ती तीच, म्हणून नवरा नको म्हणत असताना लिहायला बसलेय.

माझे बाबा चिचगडच्या शाळेत मास्तर होते. चिचगड म्हणजे गोंदिया जिल्ह्यात, देवरीच्या पुढे, जंगलाला लागून असलेलं गाव. डोमाकाका त्याच शाळेत शिपाई. पण शाळा सुटली की मास्तर आणि शिपाई वगैरे काही उरायचं नाही, दोघं आमच्या ओट्यावर बसून तासन्तास गप्पा मारायचे. नाताळच्या सुट्या लागल्या की ठरलेलं – दोन्ही घरं मिळून गावाबाहेरच्या तलावावर गाकर पार्टी.

ज्यांना गाकर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जाडसर कणकेचा मुठीपेक्षा मोठा गोळा करायचा, गोवऱ्यांच्या आरावर म्हणजे निखाऱ्यांवर भाजायचा, मग राखेत पुरून ठेवायचा. शिजला की फडक्यावर आपटून राख झाडायची आणि तुपात बुडवायचा. सोबत त्याच आरात भाजलेल्या वांग्याचं भरीत. हे सगळं डोमाकाकांचं खातं. दुसऱ्या कुणी गोवरीला हात लावलेला त्यांना खपायचा नाही. आधी खाणारी तोंडं मोजायचे, मग कणीक भिजवायचे. माणशी एक, मोठ्याला मोठा, लेकराला छोटा. आणि पहिला गाकर मोडून मोहाच्या झाडाच्या बुडाशी ठेवायचे. "ज्याची जागा, त्याले पयले," म्हणायचे.

गाकर आतून कच्चा राहू नये म्हणून मधोमध अंगठ्याने दाबून खड्डा करतात. काकांच्या उजव्या अंगठ्याचं वरचं पेर धान चुरायच्या, म्हणजे मळणीच्या मशीनमध्ये गेलेलं होतं. त्यामुळे त्यांच्या गाकरावरचा खड्डा पसरट आणि उथळ असायचा, बाटलीचं बूच दाबल्यासारखा, आणि त्याच्या एका कडेला जुन्या टाक्यांची बारीक रेघ उमटायची. दहा गाकर समोर ठेवले तरी काकांचा कुठला, ते आम्ही पोरं डोळे झाकून नुसतं चाचपून सांगायचो.

रिटायर झाल्यावर बाबांनी गोंदियात घर बांधलं. काका मुलाकडे गोंदियाजवळच्या नागऱ्याला राहायला गेले, तिथल्या शिवमंदिराच्या मागच्या गल्लीत. पार्टी मात्र सुटली नाही. दर नाताळात आम्ही गाडी करून सव्वादोन तास चिचगडला जायचो, नागऱ्याहून काकांना उचलून.

आता तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या वर्षी माझी पुण्याची मैत्रीण प्राची, तिचा नवरा अमोल आणि त्यांची मुलगी असे तिघं सुट्यांसाठी आमच्याकडे आले होते. प्राचीला जंगल बघायचं होतं. मी ऑनलाइन बार्बेक्यू मागवला, पनीर मॅरिनेट केलं, फोल्डिंगच्या खुर्च्या घेतल्या. आणि मग मला काकांचा विचार आला… खरं ते लिहिते. काकांना दर अर्ध्या तासाला गाडी थांबवून उतरावं लागायचं. त्यांच्या तोंडात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा. हात थरथरायला लागले होते, आदल्या वर्षी दोन गाकर आतून कच्चे निघाले होते. प्राचीसमोर हे सगळं मला नको होतं. माझ्या लेखी ती लाज होती.

बाबांना म्हटलं, "या वर्षी काकांना नको नेऊया."

बाबा पेपर वाचत होते. पेपर खाली न करताच म्हणाले, "तू सांग मग त्याला. मी नाही सांगणार."

मीच फोन केला. खोटं बोलावं पण रेटून बोलावं म्हणतात, तसं बोलले. "काका, यंदा पार्टी नाही हो. बाबांची तब्येत बरी नाही."

"काय झालं मास्तरले?" काका घाबरलेच. "मी येऊ का पाहाले? पोरगा सोडून देते मले गाडीनं."

"नाही, नाही, तसं काही नाही… नुसतं अंग दुखतंय. तुम्ही कशाला त्रास घेता? पुढच्या वर्षी नक्की करू."

"बरं पोरी. मास्तरले जप. पार्टीचं काय, होतच राह्यते."

फोन ठेवला आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहूनच टाकते.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी दोन गाड्यांतून निघालो – आई, बाबा, मी, माझा नवरा निखिल, माझा मुलगा आणि प्राचीकडचे तिघं. सहा मोठे, दोन लहान. साडेअकराला तलावावर पोचलो. नेहमीची जागा म्हणजे ते मोहाचं झाड, पण मी गाड्या अलीकडेच थांबवल्या. सावली बरी आहे म्हणाले. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! बाबा खुर्चीवर बसून तलावाकडे बघत राहिले.

बार्बेक्यू पेटेना. कोळसा दमट होता की काय कोण जाणे, निखिल आणि अमोल तासभर फुंकत बसले. एकीकडे मुलं भुकेने कावलेली. तेवढ्यात दोघं पळत आली – "आई, तिकडे झाडाखाली कुणीतरी काहीतरी भाजतंय, पण तिथे कुणीच नाहीये!"

आम्ही गेलो. मोहाच्या झाडापासून चार पावलांवर, दरवर्षी जिथे आर करायचो अगदी तिथेच, गोवऱ्यांच्या राखेचा ढीग. वर पांढरी राख, आत धग. बारीक धूर येत होता. झाडाच्या बुडाशी एक गाकर मोडून ठेवलेला, दोन तुकडे. मुंग्यासुद्धा लागल्या नव्हत्या.

"वॉव, रेडीमेड पिकनिक!" अमोल हसत म्हणाला.

बाबांनी काटकी घेतली आणि राख उकरली. एकेक गाकर बाहेर आला. सहा मोठे, दोन छोटे. बाबांनी एक उचलला, फडकं नव्हतं म्हणून आपल्या शर्टावरच आपटला, उलटा केला. पसरट खड्डा. कडेला बारीक रेघ. आठही गाकरांवर तसाच.

बाबा राखेशेजारीच खाली बसले. "डोमा," एवढंच म्हणाले.

मी आईकडे बघितलं, आई पदर तोंडाला लावून उभी होती. प्राची येणार आहे, सोबत मुलगी आणतेय, हे काकांना आम्ही कुणी सांगितलेलंच नव्हतं. त्यांच्या हिशेबी तर पार्टीच नव्हती. आणि मग आणखी एक गोष्ट लक्षात आली… सहा मोठे आम्हा सहा जणांचे. दोन छोटे मुलांचे. काकांचा स्वतःचा त्यात नव्हता.

पलीकडे एक म्हातारा गुरं चारत होता. निखिलने त्याला विचारलं, इथे कोण आलं होतं?

"मी तं सकाळपासून अठीच हाव," तो म्हणाला. "कोनी नाही आलं. धूर दिसला मले, पन मानूस नाही दिसला. मी मनलं तुमचंच कोनी असन."

मुलं खायला बसलीसुद्धा. बाबांनी आपला गाकर पूर्ण खाल्ला, कोरडाच. आतपर्यंत नीट शिजलेला होता. माझा मी फॉइलमध्ये गुंडाळून पर्समध्ये ठेवला. काकांना दाखवायचा असं ठरवलं होतं… निदान तेव्हा तरी.

परत येताना आमच्या गाडीत कुणी गाणीही लावली नाहीत. गोंदियाला पोचलो आणि मी निखिलला तशीच नागऱ्याला घेऊन गेले. हातात प्राचीने आणलेला नाताळचा केक. संध्याकाळचे साडेसहा झाले असतील. काका अंगणात बाजेवर पडले होते, अंगावर दोन ब्लँकेटं. काकू म्हणाल्या सकाळपासून तापले आहेत, दिवसभर उठलेले नाहीत. मुलगा-सूनही घरातच होते, तेही तेच म्हणाले.

मला बघून काका हसले. "काऊन आली बाई एवढ्या थंडीत? मास्तर कसे हायेत?"

"बरे आहेत."

"जेवली का?"

"हो काका."

"पोटभर?"

"हो."

"मंग बरं," म्हणाले आणि डोळे मिटले.

गाकर पर्समध्ये होता, माझ्या मांडीवर. नुसती चेन उघडायची होती. विचारायचं होतं – काका, हा तुमचाच ना? पण तो बाहेर काढायचा म्हणजे आम्ही तलावावर गेलो होतो हे सांगायचं. बाबा ठणठणीत आहेत हे सांगायचं. तुम्हाला मुद्दाम टाळलं हे सांगायचं. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. हात ब्लँकेटच्या आत होते. दरवेळी निघताना ते डोक्यावर हात ठेवायचे, त्या दिवशी हात बाहेर काढला नाही. मी केक काकूंच्या हातात दिला आणि उठले.

"उद्या सांगू," निखिल गाडीत म्हणाला. उद्या पुण्याचं रिझर्व्हेशन होतं.

होळीच्या आधी काका गेले. मी दहाव्याला पोचले. ताप नव्हता, काही नव्हतं, जेवून झोपले ते उठलेच नाहीत. बाबा त्या दिवसापासून कमी बोलतात, माझ्याशी तर फारच कमी.

तुम्ही विचारालच म्हणून सांगते. हो, अमोलने फोटो काढले होते. फोटोत राख आहे, गाकर आहेत, खड्डे दिसतात. ज्याला दाखवले तो म्हणतो, कुणाचाही अंगठा असू शकतो. असू शकतो. बाबांनी चिचगडला ओळखीच्या चार घरी फोन करून विचारलं, त्या दिवशी तलावावर कुणी गेलं नव्हतं. पर्समधला गाकर दुसऱ्या दिवशी दगडासारखा झाला, आईने तो गाईला घातला. निखिल म्हणतो गावातल्या कुणीतरी गंमत केली असेल. त्याला तसं वाटू दे.

या नाताळात मी एकटी नागऱ्याला गेले. काकू अंगणात लाखोळीची भाजी निवडत बसल्या होत्या. मी समोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. फोन, खोटं, तलाव, गाकर, पर्स… सगळं. मला वाटलं होतं त्या चिडतील, शिव्या देतील. मला तेच हवं होतं.

त्या भाजी निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमी गेलते का त्या दिवशी? मले सांगाचं होतं. मी तुपाचा डब्बा देली असती संगं."

मला रडू फुटलं. मी त्यांचे पाय धरले. त्यांनी मला उठवलं, पदराने माझं तोंड पुसलं आणि मग त्यांचा हात थांबला.

"त्या दिवशी दुपारी ते बाजीवर पडून होते," त्या हळूच म्हणाल्या. "डोळ्यातून पानी वाहून राहिलं होतं त्यायच्या. मी म्हनली, काऊन रडता जी? तं म्हनते, रडत नाही, डोळ्यात धूर गेला." त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. "आता धूर कुठचा, बाई? कित्येक वर्षांपासून गॅस हाय आमच्या घरी."

तो धूर खरा असेल तर काय, ते मला समजत नाही. आणि खोटा असेल, तर काका त्या दुपारी नुसतेच रडत होते, आणि ते कशामुळे हे मला चांगलं ठाऊक आहे. काकूंनी पुन्हा भाजी पुढे ओढली, मी शेजारी बसले आणि आम्ही दोघींनी ती निवडून संपवली.