चार्ज न देता गेलेल्या कलामावशी

अन्याय झाला तो कलामावशींवर. गेल्या वर्षी, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी. शहाद्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या पुरुष वॉर्डात एका पेशंटची कूस बदलता बदलता त्या खाली बसल्या आणि उठल्या नाहीत. आदल्या रात्रीपासून त्या ड्युटीवर होत्या. सकाळी सुटायला हव्या होत्या. पण आखाजीला निम्म्या मावश्या माहेरी गेलेल्या, आणि बदली माणूस आणायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. हॉस्पिटलने घरच्यांना काय सांगितलं? ड्युटी सकाळीच संपली होती, त्या स्वतःहून थांबल्या.

स्वतःहून.

हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचताना तुम्ही भुताकडे बघाल आणि हे विसराल.

मी सारंगखेड्याची. जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. सकाळी कॉलेज, दुपारी याच हॉस्पिटलात नर्सिंग असिस्टंट, संध्याकाळी मिळेल त्या बसने घरी. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणारी आमची एक छोटी संघटना आहे. गावच्या यात्रेत घोडेबाजाराच्या तोंडाशी उभं राहून मी ताईत विकणाऱ्यांच्या विरोधात पत्रकं वाटलेली आहेत, त्यावरून शिव्याही खाल्ल्या आहेत. अंगात येणं, बाधा, झपाटणं — या सगळ्यावर माझी एकच ओळ ठरलेली असायची: डॉक्टरकडे जा. आजही तीच आहे. त्यामुळे हा अनुभव इथे पाठवताना मला आनंद होतोय असं समजू नका. मला खरं तर लाज वाटतेय. पण त्याहून जास्त राग येतोय.

आमच्या कामातला एक नियम बाहेरच्यांना माहीत नसतो. घड्याळात वेळ झाली म्हणून आम्ही वॉर्ड सोडू शकत नाही. पुढच्या पाळीचं माणूस येतं, त्याला बेडजवळ नेऊन एकेक पेशंट सांगायचा, त्याने 'घेतला' म्हणायचं, मग आपण सुटलो. याला चार्ज देणं म्हणतात. बदली आलीच नाही तर तुम्ही थांबता. कलामावशींना मी कितीदा तरी म्हटलं होतं, मावशी, वेळ झाली, सरळ निघून जा, मग बघू कोण पळापळ करतं ते. त्यावर त्या पदर खोचत म्हणायच्या, "कोणाले सोपीसन जाऊ वं माय? उशीले सोपू का?"

त्यांना नर्स व्हायचं होतं. झाल्या नाहीत. पुरुषोत्तमनगरला घर, नवरा कारखान्यातून रिटायर. माझ्या पुस्तकातली चित्रं त्या चहा पिताना उलटून बघायच्या आणि मला चिडवायच्या — "तू सिस्टर व्हयनी का माले हाक मारशी, का मावशी, बेडपॅन?" मी म्हणायचे, हाक तुम्हालाच मारणार.

त्या गेल्यावर मला वरच्या मजल्यावरून पुरुष वॉर्डात आणलं. एकटीला. अख्खा वॉर्ड, मी एक असिस्टंट, आणि एक सिस्टर जी अर्धा वेळ ओपीडीत.

कोपऱ्यातल्या खिडकीशी हमीदचाचा होते. गाद्या भरणारे कारागीर. लकव्याने डावी बाजू गेलेली, त्यात छातीत कफ, म्हणून मुक्काम लांबलेला. बोलणं जरा जड, पण बंद नाही. हॉस्पिटलची गादी हाताने चाचपून म्हणायचे, बेटा, इसमें रुई नहीं, दुश्मनी भरी है. त्यांची मुलगी नसीमआपा दिवसभर शिवणकाम करून संध्याकाळी यायची. म्हणजे दुपारभर चाचांचं माझ्याशिवाय कुणी नाही. आणि अशा पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलावीच लागते. नाही बदलली तर माकडहाडावर आधी लाली येते, मग कातडी फाटते, मग जखम हाडापर्यंत जाते. लकव्याने न मेलेला माणूस त्या जखमेने मरतो. हे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात. कुणाच्या हातांनी करायचं ते शिकवत नाहीत.

कलामावशी पडल्या तेव्हा याच चाचांना वळवत होत्या. चाचांचं तोंड भिंतीकडे होतं. त्यांना फक्त पाठीमागे आवाज आला. मागाहून त्यांना सांगण्यात आलं, मावशींना चक्कर आली, घरी गेल्या. मेल्या हे कुणी सांगितलंच नाही.

आता अनुभव.

मी वॉर्डात आल्याच्या पहिल्याच आठवड्यातली दुपार. बाहेर वैशाखाची धग, कूलर नुसता आवाज करत होता. चाचांना भिंतीकडे वळवून मी दुसऱ्या पेशंटला एक्स-रेला घेऊन गेले. तिथे रांग, मग ट्रॉलीचं चाक अडकलं... वेळ लागला. परत आले तर चाचा खिडकीकडे तोंड करून शांत पडलेले. गुडघ्यांमध्ये उशी, आणि ती सरकू नये म्हणून जुन्या लुगड्याच्या पट्टीने बांधलेली. पाठ पुसलेली, पावडर लावलेली. चादरीला एक सुरकुती नाही.

मला वाटलं सिस्टरने केलं. सिस्टर ओपीडीत होती, वॉर्डात आलीच नव्हती. शेजारच्या बेडचे नातेवाईक जेवायला गेलेले. मी चाचांनाच विचारलं.

"वो मावशी आके गई ना," चाचा म्हणाले. "तेरे से हलका हात है उसका. बुरा मत मान."

मी बुरा मानला नाही. मी मनात औषधांची नावं आठवली — कशाने भास होतात, कशाने नाही. मग ठरवलं की मीच केलं असणार. खरंच सांगते, इतकी दमलेले असायचे मी की उभ्या उभ्या डोळा लागायचा. एकदा बसमध्ये तिकीट हातात असून पुन्हा तिकीट मागितलं होतं. तेव्हा मीच वळवलं आणि विसरले, हे मला पटण्यासारखं होतं. मी ते पटवून घेतलं.

पण ते रोज होऊ लागलं. मी एकाला उलटी होतेय म्हणून धावले, की इकडे चाचा वळलेले. मी परीक्षेला गेले, त्या दिवशी वॉर्डात असिस्टंटच नव्हती. संध्याकाळी नसीमआपाने पाठ बघितली, कोरडी, स्वच्छ, पावडर लावलेली. तेव्हा माझं ते विसरल्याचं कारण संपलं.

कलामावशी येतात, ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. झाडूवाल्या बाईने खिडकीत उदबत्ती लावली, मी विझवली. तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा लावली. म्हणाली, तू तुन्ही पत्रकं वाट, मी मन्ही उदबत्ती लावस. एक-दोन नातेवाईक त्या खिडकीजवळचा बेड मागू लागले. आणि मी इन्चार्ज मॅडमकडे दुसऱ्या असिस्टंटसाठी तिसऱ्यांदा अर्ज घेऊन गेले, तेव्हा त्यांनी वर न बघता विचारलं, "कुणाला बेडसोअर झालाय का?" मी म्हटलं, नाही. "मग चाललंय की सगळं."

हे ऐकून मी बाहेर येऊन जिन्यात बसले. म्हणजे त्या बाईला जिवंतपणी राबवलं, आणि आता... पुढचं वाक्य मला माझ्याच डोक्यात पूर्ण करता येईना. कारण ते पूर्ण करायचं तर आधी मानायला हवं होतं की ती तिथे आहे.

त्याच दुपारी चाचा मला जवळ बोलावून हळू आवाजात म्हणाले, "बेटा, वो मावशी बहोत थक गई है. आज मेरेकू उठाते उठाते रुक गई, पलंग पकड के खडी रही. उसकू छुट्टी नहीं मिली क्या?"

चाचांना ती मेल्याचं माहीत नव्हतं, हे पुन्हा सांगते. ते एका दमलेल्या कामगार बाईची तक्रार माझ्याकडे करत होते, बस.

मी काय केलं ते जसंच्या तसं लिहिते. विश्वास होता म्हणून नाही केलं. दुसरं काही करता येईना म्हणून केलं. मी चाचांच्या पायथ्याशी उभी राहिले, आम्ही चार्ज घेताना राहतो तशी. दुपारचा लख्ख उजेड होता, वॉर्ड जागा होता, चार लोक बघत होते. मी मोठ्याने म्हटलं, "कलामावशी, चार्ज मी लेस. हमीदचाचा, लकवा, डावी बाजू, पाठ चांगली शे. मी घेतला पेशंट. तुम्ही घर जा."

पायथ्याची चादर, जी गादीखाली घट्ट खोचलेली होती, ती सैल पडली. वाऱ्याने असेल. कूलर त्याच बाजूला होता. पण चाचांनी दाराकडे बघत उजवा हात कपाळाला नेला, एखादं माणूस जाताना आपण सलाम करतो तसा, आणि म्हणाले, "अच्छा हुआ. गई."

त्यानंतर कधीच काही झालं नाही.

काहीच झालं नाही — आणि खरी गोष्ट इथे सुरू होते. आता चाचांना वळवायला फक्त मी होते. वॉर्डात उन्हाने पडलेले पेशंट भरलेले, कुणाला सलाईन, कुणाला झटके. मी धावत होते. वेळ चुकायची. दोन तासांचे कधी चार व्हायचे. आठवड्यात माकडहाडावर लाली आली. मी पाठीला हवेची गादी मागितली, मागवतो म्हणाले. मग कातडी फाटली.

इन्चार्ज मॅडम स्वतः आल्या. जखम बघितली आणि मला विचारलं, "आधी तर सगळं व्यवस्थित होत होतं. आता काय झालं?"

मी म्हटलं, "आधी मेलेलं माणूस करत होतं, मॅडम. आता ते सुटलं."

त्यांनी मला उद्धट म्हटलं. पण त्यांनाही माहीत होतं, असं मला वाटतं. सगळ्यांनाच माहीत होतं. भूत आहे याची भीती कुणालाच नव्हती. ते गेलं याची मात्र सगळ्यांना अडचण झाली.

नसीमआपाने शेवटी चाचांना घरी नेलं. मी तिला ड्रेसिंग शिकवलं, कूस कशी बदलायची ते शिकवलं. ती शिवणाचं मशीन खाटेजवळ घेऊन बसते. चाचांची जखम भरत आलीय, पण हळूहळू. मी गेले की विचारतात, ती मावशी आता कुठे काम करते. मी सांगते, आराम करतेय. तेवढं खोटं मी बोलते. किंवा खरं, मला माहीत नाही.

चाचांना कोण वळवत होतं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. कूलर, थकवा, भास — सगळं लावून बघितलं, पुरं पडत नाही. तुम्हाला काही सुचलं तर मला नका कळवू. मला आता उत्तर नकोय. पुरुष वॉर्डातली कलामावशींची जागा अजून रिकामी आहे.

तुमचं कुणी आज हॉस्पिटलात पडलेलं असेल, तर हे वाचून झाल्यावर एक काम करा. उदबत्ती लावू नका, नवस बोलू नका. काउंटरवर जा आणि विचारा — या वॉर्डात आत्ता ड्युटीवर कोण आहे, कधीपासून आहे, आणि तिला सोडवायला कोण येणार आहे? टाळाटाळ करतील. हलू नका. नाव घेतल्याशिवाय हलू नका. जिवंत माणसाचं नाव.