कदम सरांचा उतार आणि घड्याळाचा फोन

सायकलच्या दुकानात माल येतो आणि विकला जातो. किस्से तेवढे जात नाहीत! जुन्या टायरांसारखे ते माळ्यावर साठत राहतात. नांदेडला माझं दुकान आहे, आणि दर रविवारी सकाळी माझ्याच गिऱ्हाइकांची टोळी भोकरच्या बाजूला माळरानावर सायकली घेऊन निघते. मीही त्यात असतो. त्यामुळे माळा काही रिकामा होत नाही.

लोक विचारतात, "शेठ, खरं सांगा. ह्या भारी माउंटन बाइक घेतल्या की माणूस चांगली सायकल चालवायला लागतो का?"

मी विकणारा माणूस. 'नाही' कसं म्हणू? आणि 'हो' म्हणायला जावं, तर आमची टोळी डोळ्यांपुढे उभी राहते!

*

आमचे डॉक्टर घ्या. दातांचे डॉक्टर, हात एकदम हलका. पण उभा जन्म जुन्या रबरी ब्रेकवर गेलेला. ते ब्रेक मूठ आवळून दाबले, तरी सायकल विचार करून थांबायची. त्यांनी डिस्क ब्रेकची नवी सायकल घेतली तेव्हा मी बजावलं, "डॉक्टर, एका बोटानं. एकाच!"

पहिल्याच रविवारी वळणावर म्हैस आडवी आली. डॉक्टरांनी सवयीनं मूठ आवळली. म्हैस जागच्या जागी उभी, सायकल जागच्या जागी उभी, आणि डॉक्टर एकटेच पुढं, थेट तुरीत!

आम्ही धावलो. तुरीतून आवाज आला, "शेठ, ब्रेक लई भारी हाय! सायकल थांबली, मीच थांबलो न्हाई!"

*

माझे साडू लातूरला राहतात, शेती रेणापूरला. शेताच्या वाटेवर चालवायला म्हणून माझ्याकडून शॉकअपची सायकल घेऊन गेले. वर्षभर फोनवर एकच कौतुक, "पाव्हणं, काय शॉकअप हाय! खड्डा कळतच न्हाई. लोण्यावानी चालते!"

वर्षानं सायकल सर्व्हिसिंगला आली. बघतो तर शॉकअपचा लॉक पहिल्या दिवसापासून लावलेला, म्हणजे शॉकअप एकदाही हललाच नव्हता! गडी वर्षभर कडक दांड्यावर बसून लोणी खात होता. मी गुपचूप समोरची निळी खटकी फिरवून लॉक उघडून दिला.

आठ दिवसांत फोन आला, "पाव्हणं, काय करून ठेवलं? चांगली सायकल बिघडवली की! नुसती डुलायलीय!"

मी म्हटलं, "समोर निळी खटकी हाय बघा. ती उजवीकडं फिरवा."

फिरवली. एक चक्कर मारली. मग म्हणाले, "हां! आता कसं, लोण्यावानी!"

*

माधव टोळीतला सगळ्यात तरुण, भोकरचाच. घरची शेती आहे, नोकरी नांदेडला. त्यानं बॅटरीवर चालणारे गिअर बसवून घेतले. बोट टेकवलं की गिअर बदलला! रुबाब काय विचारता.

एकदा ऐन चढाच्या पायथ्याशी सगळ्यात जड गिअरवर सायकल अडकली. बोट टेकवून टेकवून माधव घामाघूम. बॅटरी चार्जिंगला लावायला विसरला होता!

बांधावर एक म्हातारबा बसले होते. त्यांनी चौकशी केली, आम्ही समजावून सांगितलं. म्हातारबांना माधवची खरंच दया आली.

"म्हंजी आमच्या पाण्याच्या मोटारीवानीच की!" ते म्हणाले. "बस मग सावलीला. लाईट आली की सांगतो."

*

आता कदम सर. गणिताचे शिक्षक, माधव त्यांच्याच हाताखालून गेलेला. आमच्या वाटेवर मुरमाचा एक उतार आहे, मधोमध उघडे दगड. सगळे उतरतात, सर पडतात. दर वेळी पडतात!

आणि दर वेळी सोमवारी दुकानात हजर. "शेठ, टायर रुंद पाहिजेत." दिले. "शेठ, शॉकअप मोठा पाहिजे." दिला. बटण दाबलं की खाली जाणारी सीटसुद्धा झाली. सायकल अशी झाली की हिमालय उतरावा. सर मात्र त्याच दगडाशी.

त्यात लेकीनं पुण्याहून घड्याळ पाठवलं. घालणारा पडला की ते आपोआप घरी कळवतं! सर पडले की वहिनींना फोन. शेवटी वहिनी दुकानात आल्या आणि सरांसमोर मला म्हणाल्या, "शेठ, अजून एकदा त्या घड्याळाचा फोन येऊ द्या. सायकल भंगारवाल्याला! नवी का जुनी, बघणार नाही."

वहिनी बोलल्या म्हणजे बोलल्या. सरांचा चेहरा पडला.

वहिनी गेल्यावर दुकानातच बसलेले डॉक्टर हळूच म्हणाले, "सर, घड्याळ घरीच विसरायचं."

"मनगट बघूनच बाहेर सोडते हो ती!"

उतार सोडून द्यावा, तर सरांना ते पटेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. "शेठ, अजून काही नवीन निघालंय का?"

माधव चहा पीत बसला होता. म्हणाला, "सर, वर्गात तुम्हीच सांगायचे ना? गाईड विकत घेऊन कुणी पास होत न्हाई, गणितं सोडवावी लागतात!"

सरांनी चहा घेतला नाही, तसेच गेले. पण तेव्हापासून रोज संध्याकाळी शाळेमागच्या मुरमाच्या ढिगाऱ्यावर एकटेच चढताना-उतरताना दिसायला लागले. एकदा मला म्हणाले, "शेठ, ब्रेकचा भरवसा आहे म्हणून भीती गेली, हे खरं. पण चाक कुठं घालायचं, ते सायकल सांगत नाही."

मग तो रविवार आला. आम्ही सगळे आधी उतरून खाली उभे. वर सर एकटे. मनगटावर घड्याळ.

निघाले. दगड आला. सायकल हलली, सर हलले नाहीत. चाक दगडाच्या बाजूनं बरोबर काढलं आणि एका बोटानं ब्रेक दाबून आमच्यासमोर येऊन थांबले!

काय आरडाओरडा! डॉक्टर नाचले. माधवनं गुरूला उचललं, आम्ही हात लावला, सर खांद्यावर! आणि डॉक्टरांचा नाच काही थांबला नव्हता. कुणाचा तरी पाय मुरमावर घसरला...

माझा मोबाइल वाजला. वहिनी!

"शेठ, घड्याळाचा फोन आला. पडले ना?"

"वहिनी, पडले. लागलं काही न्हाई. पण आईशप्पथ, सायकलवरून न्हाई पडले!"

"मग कशावरून पडले?"

"आमच्या खांद्यावरून!"

वहिनी म्हणाल्या, "बरं. म्हणजे सायकलचा दोष नाही, ती घरी येऊ द्या. भंगारवाल्याला मी तुमच्या दुकानाचा पत्ता देते!"